बोडीवरचा चंद्र

हातातला कप आधी खाली ठेवा. खरंच ठेवा! मागे मावशीकडे हा किस्सा सांगत होते, तर मावसभावाच्या नाकातून चहा आला आणि मावशीनं त्याला सोडून मलाच झापलं. ठेवलात? मग ऐका. पुण्याहून आलेल्या परीक्षकांसमोर, भरल्या सभागृहात, मी अकलेचे तारे कसे तोडले त्याची ही हकिकत आहे. नुसते तारे तोडून थांबले असते तरी चाललं असतं हो. मी वर चंद्रही मागवला!

चंद्राचं पुढे येईलच. त्याआधी एक शब्द पक्का करून घ्या. बोडी. आमच्या भंडारा जिल्ह्यात गावाच्या मोठ्या पाण्याला तलाव म्हणतात आणि शेतातल्या, घरच्या मालकीच्या छोट्या तळ्याला बोडी. पावसाळ्यात भरते, धानाला पाणी पाजते, उन्हाळ्यात आटते. आमच्या करडीत कोणालाही विचारा, "बोडी कुठी आहे?" तर तो हात करून दाखवेल. पुण्यात हाच प्रश्न विचारलात तर लोक पोलिसांना बोलावतील. हे मला आज कळतं. तेव्हा कळत नव्हतं ना!

मी तेव्हा भंडाऱ्याला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते, विषय सूक्ष्मजीवशास्त्र. एकदा सहज काकाच्या बोडीतलं पाणी बाटलीत भरून कॉलेजात नेलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं. आत हिरव्या मण्यांच्या माळाच माळा! निळं-हिरवं शेवाळ. यातल्या काही जाती हवेतला नायट्रोजन धरतात आणि धानाला देतात, हे पुस्तकात वाचलं होतं. म्हणजे युरियाचं निम्मं काम घरच्या घरी! आणि आमच्या काकाच्या म्हशी हा खजिना रोज अंगाला फासून घरी येत होत्या.

झालं. डोक्यात किडा शिरला तो शिरलाच. अंगणात प्लास्टिक अंथरून उथळ वाफे केले. त्यात बोडीचा गाळ, पाणी आणि वरून शेवाळाचं विरजण. ऊन लागलं की वर हिरवी साय धरायची, सुकली की तिचे पोपडे निघायचे, ते कुटले की पावडर तयार. आई म्हणायची, "लोकायच्या आंगनात पापड वाळते, आमच्या आंगनात घाण वाळून राहिली." मी ऐकून घ्यायचे आणि पोपडे उलटायचे. वास यायचा, नाही असं नाही. पण मी एकदा ठरवलं की ठरवलं. आमच्या घरात याला जिद्द म्हणत नाहीत, अडेलपणा म्हणतात, तो भाग वेगळा.

काकाच्या धानाच्या एका कोपऱ्यात मी ती पावडर टाकली. युरियाचा दाणा पडू दिला नाही. तो कोपरा असा हिरवागार झाला की रस्त्यानं जाणारे सायकल थांबवून बघायचे. काकानं बघितलं आणि म्हणाला, "तिथी सावली होती."

"कोनाची सावली काका? तिथी झाड तं नाई!"

"ढगाची असंल."

आता ढग काय रोज येऊन एकाच कोपऱ्यावर उभा राहतो? पण काकाला कोण सांगणार! काकाचंही एक कारण होतं म्हणा. पुढच्या पावसात त्याला बोडीत मासे सोडायचे होते. मासे सोडले की माझं शेवाळ त्यांनी नाश्त्यालाच संपवलं असतं. मी रोज त्याच्या मागे लागायचे, की एक वर्ष थांब. तो रोज म्हणायचा, "शेवाळाचं कालवण होते काय?"

तेवढ्यात कॉलेजात फलक लागला. विद्यार्थ्यांच्या वैज्ञानिक कल्पनांवर आधारित उद्योगांची स्पर्धा. निवड झाली तर कॉलेजची मागची रिकामी शेड, एक मार्गदर्शक आणि वर्षभराची मदत. मी नाव दिलं आणि घरी येऊन सांगितलं की मला पुण्याहून येणाऱ्या परीक्षकांसमोर पिच करायचं आहे.

"पिच?" काका म्हणाला. "आता तू रोलर बी फिरवून राहिली का?"

क्रिकेटचं नाही, हे समजावण्यात जेवण थंड झालं. शेवटी काकानं हात धुता धुता निकाल दिला. "हे पाय गुड्डी. तुया त्या पुण्यावाल्यानं हाव म्हटलं, तं सालभर बोडी तुही. नाई म्हटलं, तं मी मासे सोडतो. मंग रडाचं नाई."

"नाई रडत," मी म्हटलं. आणि रात्री पांघरुणात तोंड घालून थोडंसं आधीच रडून घेतलं, म्हणजे नंतर शब्द मोडायला नको.

आता तयारी. आमच्या कॉलेजच्या मॅडम फार चांगल्या, पण त्यांनी कुठलातरी व्हिडिओ बघितला होता. त्या म्हणाल्या, "पहिल्याच वाक्यात धान, बांधी, रोवणा सुरू केलंस की परीक्षक पेंगतात. आधी उत्सुकता वाढव. शेतीचं नाव शेवटच्या स्लाइडवर काढ. हिरवं शेत एकदम समोर आलं पाहिजे! आणि बोलताना शुद्ध बोल. मले-तुले करू नकोस." (बांधी म्हणजे धानाचं खाचर आणि रोवणा म्हणजे लावणी, हे तुमच्यासाठी.) मी मान हलवली आणि सगळं भाषण शुद्ध तुपात तळून काढलं.

राहिलं नाव. ते मीच ठेवलं. कोणाचा सल्ला घेतला नाही, कोणावर ढकलायची सोय नाही. बोडीतून आलेली शक्ती म्हणून 'बोडी पावर'! प्रिंटिंगवाल्या नरेशभाऊंनी झकास पाकिटं छापून दिली. हिरव्या पाकिटावर पांढऱ्या ठसठशीत अक्षरांत बोडी पावर. मी त्या पाकिटाकडे इतक्या वेळा बघितलं, पण दुसरं काही मनात आलं नाही. येणार कसं? आमच्याकडे अंगाला अंग म्हणतात.

स्पर्धेच्या दिवशी काकानंच मोटारसायकलवर सोडलं. मला वाटलं, सोडून परत जाईल. पण तो थेट सभागृहात येऊन शेवटच्या रांगेत बसला, हात बांधून. मासे सोडायचे की नाही, हे त्याला ताबडतोब जाणून घ्यायचं होतं.

परीक्षक दोन. एक बाई, शांतपणे लिहीत बसलेल्या. आणि दुसरे ते पुण्याचे सर. आरोग्याच्या क्षेत्रातल्या नव्या कंपन्यांना उभं करतात, अशी त्यांची ओळख करून दिली. माणूस एकदम ताठ, पोटाचा पत्ता नाही, मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ. चहा आला तर नको म्हणाले आणि कोमट पाणी मागितलं. आता तुम्हाला पुढचं दिसायला लागलं असेल. मला दिसत नव्हतं!

माझं नाव पुकारलं. मी दोघांपुढे एकेक पाकीट ठेवलं, माईक धरला आणि सुरू झाले.

"आज ताकद कमी झाली आहे! वाढ होते, पण वरवरची. जरा जोराचं वारं आलं की आडवं! दरवर्षी पांढरी पावडर वाढवावी लागते, आणि आतला कस मात्र निघून जातो. यावर उपाय काय? उपाय बाहेर नाही. उपाय आपल्याच बोडीत आहे!"

सर पुढे सरकून बसले. "वा! उपाय आपल्याच बॉडीत आहे. क्या बात है!"

पुण्याच्या माणसाला आमचा शब्द कळला, वर त्यानं तो स्वतःच्या तोंडानं म्हटला! उच्चार जरा वाकडा होता, पण बाहेरच्या माणसाला एवढं माफ असतं. मला असा हुरूप आला की विचारू नका. आता शेवटची स्लाइड. मी थाटात हात पडद्याकडे केला, बटण दाबलं आणि लाइट गेली.

पंखे थांबले. पडदा काळा. माझं हिरवं शेत त्या काळोखात कुठेतरी राहिलं. सूत्रसंचालक खिडक्या उघडायला लावून म्हणाले, "हरकत नाही, थेट प्रश्नोत्तरं घेऊ." शेतीचा श अजून माझ्या तोंडातून निघालेला नव्हता, हे माझ्या लक्षातच आलं नाही. आपल्या मनात जे असतं ते समोरच्याला दिसतंच, असं आपल्याला वाटतं ना!

सरांनी पाकीट उचललं, नावावर बोट ठेवलं आणि हसून म्हणाले, "छान आहे. फक्त इथे वर एक चंद्र हवा होता."

चंद्र! बोडीवर चंद्र! रात्रीच्या पाण्यावर चंद्र! माणूस नुसता परीक्षक नाही, कलाकार आहे, असं वाटून मला भरून आलं. "नक्की टाकते, सर," मी म्हटलं आणि तळहातावर पेनानं लिहून घेतलं, चंद्र.

मग त्यांनी पाकीट फोडलं. चमचाभर पावडर कोमट पाण्यात टाकली. मी मनात म्हटलं, बघा, याला म्हणतात शास्त्रीय दृष्टी. विरघळते का ते तपासून बघतात. आणि मी, हो मीच, पुढे होऊन म्हटलं, "सर, नीट ढवळा. खाली बसते ती."

त्यांनी ढवळली. "याचा फायदा काय काय?"

"सर, मुळापासून पोषण मिळतं. आणि मुख्य म्हणजे युरिया कमी होतो."

"काय सांगतेस! माझ्या वडिलांचा युरिया फार वाढलाय."

"सगळ्यांचाच वाढलाय, सर. दरवर्षी एक गोणी जास्त लागते."

"हो ना, त्यांनाही डॉक्टरांनी एक गोळी वाढवून दिलीय," ते म्हणाले. आणि ग्लास उचलून प्यायले!

मी बघतच राहिले. पण तुम्हाला खरं सांगते, तेव्हासुद्धा मला शंका आली नाही. आमच्याकडचे काही जुने लोक मातीची चिमूट जिभेवर ठेवून जमीन कशी आहे ते सांगतात. मला वाटलं, पुण्याकडे यातलं पुढचं शिक्षण देत असतील.

सरांनी ओठ पुसले. मिशीला हिरवी किनार आली होती. "जरा मातकट लागतंय," ते म्हणाले. "पण नैसर्गिक वाटतंय. कच्चा माल कुठून येतो?"

"काकाच्या बोडीतून, सर."

"काकांच्या… बॉडीतून?"

"हो. आधी आजोबांची होती. आजोबा वारले, मग बोडी काकाकडे आली."

बाजूच्या परीक्षक बाईंचं लिहिणं थांबलं. सरांचा आवाज बारीक झाला. "आजोबांची बॉडी काकांनी ठेवून घेतली?"

"वाटणीत आली, सर. माझ्या बाबांना घर आलं आणि काकाला बोडी."

"आणि ही पावडर त्यातून… काढता कशी?"

कोणी माझ्या कामात एवढा रस दाखवला नव्हता हो! मी खुलले. "पावसाळ्यात बोडी फुगते, तेव्हा वरचा थर अलगद काढून घ्यायचा. उन्हाळ्यात ती सुकते, तडे पडतात, मग आतलं खरवडून घ्यावं लागतं. वास येतो, पण सवय होते. आणि दिवसभर म्हशी त्यातच बसलेल्या असतात ना, त्यामुळे कस चांगला राहतो."

सरांनी ग्लास खाली ठेवला. इतक्या हळू ठेवला की आवाजसुद्धा झाला नाही. "कुठे आहेत हे काका?"

"ते काय, मागे बसलेत!"

सगळं सभागृह मागे वळलं. काका उठून उभा राहिला. धडधाकट, मिशीवाला, खांद्यावर दुपट्टा. त्यानं लांबूनच हात जोडले. "हाव साहेब, माहीच बोडी. कवाही पाहाले या. आंग धुवाचं असंल तं टॉवेल घेऊन या."

"म्हणजे तुमच्या बॉडीत म्हशी बसतात?"

"म्हशीच बसते साहेब, माणसं तं पोहते! आता मी मासे बी सोडणार होतो, तं ही पोरगी नाई म्हणते."

परीक्षक बाईंनी पेन खाली टाकलं आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. पोट्टे बाकं वाजवायला लागले. सर कधी काकाच्या पोटाकडे बघत होते, कधी ग्लासाकडे. शेवटी काकालाच कुठेतरी चुकतंय असं वाटलं. तो पुढे येऊन म्हणाला, "साहेब, बोडी म्हंजे तलावाची लहान बहीण. पाण्याची. तुमी कोनती समजून राहिले?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यातली लाइट आली. एकेक वाक्य परत ऐकू यायला लागलं. आजोबांची बॉडी. फुगते. तडे पडतात. मला त्या स्टेजखाली जाऊन झोपावंसं वाटलं.

सरांनी विचारलं, "मग मी आता प्यायलो ते काय होतं?"

"शेवाळ, सर," मी म्हटलं. आणि त्यांचा चेहरा बघून घाईघाईनं जोडलं, "पण साधं नाही, नायट्रोजन धरणारं!"

सर तोंडावर रुमाल धरून बाहेर चूळ भरायला गेले. सूत्रसंचालक म्हणाले, "धन्यवाद, पुढच्या स्पर्धकानं यावं." पुढचा स्पर्धक आला आणि त्यानं त्या बंद माईकला हात घातला. मी सोडला नाही! तो ओढतोय, मी धरून उभी. मला समोर बोडीत उड्या मारणारे मासे दिसत होते. लाज जायची ती गेलीच होती, आता बोडी जाऊ द्यायची नव्हती.

"मॅडम, मले दोनच मिनिटं द्या!" मी परीक्षक बाईंना म्हटलं. शुद्ध तूप संपलं आणि माझी खरी भाषा बाहेर पडली. "मी मांगाचं काईच नीट नाई सांगतलं. हे खाचं नाई, पेचं नाई. हे धानाले टाकाचं आहे. रोवणा झाला का बांधीतल्या पाण्यात टाकाचं, मंग शेवाळ तिथीच वाढते आन हवेतला नायट्रोजन धानाले देते. बाहेरचं आणलं तं आमच्या मातीत टिकत नाई. हे आमच्याच बोडीतलं आहे, म्हणून टिकते. मी टाकून पाह्यलं आहे. एका कोपऱ्यात युरिया नाई टाकला, तरी धान हिरवंगार होतं."

परीक्षक बाईंनी डोळे पुसले. हसून हसून पाणी आलं होतं त्यांना. मग गंभीर होऊन म्हणाल्या, "कशावरून तुझ्या पावडरचाच परिणाम? दुसरं काही कारण असू शकतं ना?"

मी तोंड उघडायच्या आत मागून काकाचा आवाज आला. "नाई, मॅडम. तिथी काईच नोतं. सावली बी नोती. मीच तिले खोटं सांगतलं होतं." आणि खाली मान घालून दुपट्ट्यानं उगाचच कपाळ पुसायला लागला.

जो माणूस महिनोन्महिने एका ढगाला त्या कोपऱ्यावर उभं करून बसला होता, त्यानं तो ढग भर सभेत मागे घेतला! त्याक्षणी मला निकालाची पर्वा राहिली नाही. म्हणजे तसं नाही, होती. पण थोडी कमी झाली.

संध्याकाळी निकाल लागला. निवड झाली! सर तोवर ठणठणीत होते. त्यांनी मला जवळ बोलावलं. मिशी धुतली होती, पण एका टोकाला अजून हिरवं होतं, मी काही बोलले नाही. ते म्हणाले, "कल्पना पक्की आहे, पोरी. फक्त पाकिटावर मोठ्या अक्षरात लिही, पिण्यासाठी नाही. माझ्यासाठी एवढं कर."

बाहेर काकानं मोटारसायकल सुरू केली. "बस," म्हणाला. थोडं पुढे गेल्यावर, मागे न बघता, "सालभर बोडी तुही. बोललो तं बोललो." मी नाही रडणार म्हटलं होतं, म्हणून त्याच्या पाठीमागे गपचूप रडले.

इथे संपवलं असतं तर किती शोभलं असतं, नाही? पण मी पडले जिद्दीची. परीक्षकांची एकूण एक सूचना पाळायची, असं ठरवून मी घरी पोचल्या पोचल्या तळहात बघितला आणि नरेशभाऊंना फोन लावला. "भाऊ, नवीन पाकिटं छापा. खाली मोठ्या अक्षरात 'पिण्यासाठी नाही' टाका. आन वर नावावर एक चंद्र टाका."

"नावावर चंद्र?"

"हाव. पुण्याच्या सरांनीच सांगतलं आहे."

"बराबर आहे," नरेशभाऊ म्हणाले. "मले बी तवाच वाटलं होतं."

पाकिटांचे गठ्ठे आले. मी मोठ्या हौशीनं पहिला सोडला. पाण्यावरचा चंद्र शोधते, तर चंद्र कुठेच नाही! आणि मग दिसला. अगदी नावावर, 'बो'च्या डोक्यावर, मात्रा काढून तिच्या जागी बसवलेला, छोटासा, अर्धा. बॉडी पावर. खाली मोठ्या अक्षरात, पिण्यासाठी नाही.

नरेशभाऊंना काय बोलणार? चंद्र मागवला कोणी?

पाकिटं फेकून द्यायची ऐपत नव्हती, म्हणून तीच भरून विकायला ठेवली. पावसाळा तोंडावर आला तेव्हा एका सकाळी मी आणि काका बोडीवर होतो. वरठी गावाकडून दोन मोटारसायकली आल्या. जिममध्ये जाणारे चार पोट्टे, दंडाला घट्ट बनियान. एकाच्या हातात माझं पाकीट.

"ताई, यावर तं पिण्यासाठी नाही लिवलं आहे. मंग चावून खाचं काय?"

"हे धानाले टाकाचं आहे," मी म्हटलं.

"ते ठीक आहे. पन जेवनाच्या आंधी का नंतर?"

मी हताश होऊन काकाकडे बघितलं. काकानं दोन्ही हात वर केले. "मले नोको विचारू रे बाबा. सालभर बोडी हिची आहे."

त्या पोट्ट्यानं पाकिटाकडे बघितलं. मग मला डोक्यापासून पायापर्यंत नीट न्याहाळलं. मी आपली ही अशी, वाळलेल्या तुरीच्या काडीएवढी! त्याच्या चेहऱ्यावर खरीखुरी काळजी दिसली.

"मंग ताई," तो म्हणाला, "तुमाले काहून लागू नाई पडली?"